रायबंदर : दोन राजधान्यांमधील एक गाव

पणजीहून जुन्या गोव्याकडे निघालेला प्रवासी शहराची शेवटची घरे मागे टाकतो आणि पाण्यामधून गेलेल्या एका सरळ, सखल रस्त्यावर येतो. डाव्या हातास मांडवीचे रुंद पात्र, उजव्या हातास मिठागरे, चिखल आणि खारफुटीची हिरवी झाडी. हा रस्ता नव्हे, सेतू आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. सेतू संपला की घरांची एक लांबलचक रांग सुरू होते. घरांच्या पाठीशी टेकडी, पुढ्यात रस्ता आणि रस्त्याला लागून नदी. हे रायबंदर. आणखी थोडे पुढे गेले म्हणजे पणेली लागते, जिला हल्ली लोक सां पेद्र या चर्चच्या नावानेच अधिक ओळखतात. त्यापुढे जुने गोवे. जाणाऱ्याची नजर पुढच्या भव्य चर्चांवर असते, येणाऱ्याची पणजीवर. मधल्या या गावासाठी थांबावे असे कोणास वाटत नाही.

शाळेत आपण मुलांना शिकवतो की पोर्तुगिजांची राजधानी प्रथम जुने गोवे होती व पुढे ती पणजीस गेली. हे वाक्य चुकीचे नाही, परंतु त्यात सुमारे चौसष्ट वर्षे गडप झालेली आहेत. १६९५ ते १७५९ या काळात गोव्याचा विजरई ना जुन्या गोव्यात राहत होता, ना पणजीत. तो या नदीकाठच्या उपनगरात, पणेलीस, राहत होता. पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेचा कारभार दोन पिढ्यांहून अधिक काळ एका लहानशा गावाच्या काठावरून चालला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांच्या एका ओळीतही बसलेली नाही.

रायबंदर हे नाव 'राय' आणि 'बंदर' या दोन शब्दांचे. राजाचे बंदर, असा त्याचा अर्थ लोक सांगतात. पोर्तुगिजांनी त्याचे 'रिबंदर' केले आणि त्या उच्चारात राजा नाहीसा झाला. मराठीने तो जपून ठेवला, हे आपल्या भाषेचे एक लहानसे श्रेय होय. गावासमोर नदीच्या पलीकडे चोडण बेट आणि थोडे वर दिवाडी बेट. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली जाऊ लागली, तेव्हा ज्यांना आपले देव वाचविणे शक्य झाले त्यांनी ते नद्या ओलांडून परमुलखात नेले. चोडणची देवकीकृष्ण आज माशेलास आहे. दिवाडीवरील नार्वे येथील सप्तकोटेश्वर पलीकडे डिचोलीच्या मुलखात गेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने त्याचे देऊळ नव्याने उभे राहिले. तेव्हा रायबंदरच्या धक्क्यावर उभे राहून पाहिले तर समोर नुसता देखावा दिसत नाही. देवांच्या परागंदा होण्याची वाट येथून दिसते. आणि ज्या काठावर आपण उभे असतो, तेथे त्याच सुमारास, १५६५ मध्ये, साह्यकर्त्या मातेचे चर्च बांधले गेले. वादळातून सुखरूप आलेल्या खलाशांनी कृतज्ञतेने ते उभारले, अशी आख्यायिका आहे.

आता या गावास श्रीमंती कशी आली ते पाहू. जुने गोवे वैभवाच्या शिखरावर असतानाच आतून कुजत होते. तेथील भूमी सच्छिद्र. घरोघरचे शौचखड्डे आणि पिण्याच्या विहिरी एकमेकांच्या शेजारी. करमळीच्या तळ्याचे पाणी साचलेले. पटकी व हिवताप यांच्या साथी सोळाव्या शतकापासून पुनःपुन्हा येत राहिल्या. ज्यांच्यापाशी द्रव्य होते त्यांनी सर्वत्र धनिक करतात तेच केले. शहरातला धंदा व हुद्दा न सोडता त्यांनी शहराबाहेर, नदीच्या वाऱ्यावर, बागा आणि वाडे बांधले. पणेली आणि रायबंदर यांना हा मान मिळाला, कारण हे गाव शहराच्या पश्चिमेस, समुद्राच्या बाजूस होते. वारा आधी येथे येई, मग शहरात जाई. होडीने घटकाभरात शहर गाठता येई. उपनगर म्हणून ज्यास आज आपण ओळखतो, त्याची सर्व लक्षणे या सतराव्या शतकातील काठावर दिसतात.

याच काळात तो सेतू झाला. विजरई दों मिगेल द नोरोन्या, लिन्यारिसचा कोंद, याने १६३३–३४ मध्ये पणजी आणि रायबंदर यांच्यामधील दलदलीवर कमानींचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हा मार्ग बांधविला. त्यापूर्वी पणजी हे आदिलशाही वाड्याभोवतीचे एक कोळ्यांचे व नारळबागांचे गाव होते आणि खुष्कीने तिकडे जाणे गैरसोयीचे होते. चिखलात पाया घालून एवढी लांबी उचलणे हे त्या काळच्या स्थापत्याचे मोठेच साहस म्हटले पाहिजे. हा सेतू अद्याप वाहतूक वाहतो आहे. याच मांडवीवर १९७० मध्ये मोठा आधुनिक पूल झाला आणि १९८६ च्या जुलैत तो कोसळला. गोव्यातील वृद्ध माणसे ही तुलना करताना किंचित हसतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

या गावाच्या इतिहासात मराठ्यांचा संबंध येतो तो येथे. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या माणसांनी रात्री ओहोटीचा फायदा घेऊन जुवे बेटावर उतरून तेथील किल्ला घेतला. जुवे म्हणजे सांतु इस्तेव्हांव. जुन्या गोव्यापासून एका खाडीच्या अंतरावर. विजरई आल्व्होरचा कोंद तो परत घेण्यास स्वतः गेला आणि मार खाऊन माघारी आला. शहर पडणार अशी धास्ती एवढी वाढली की त्याने सेंट झेवियरच्या समाधीपाशी जाऊन आपला अधिकारदंड त्या संताच्या हवाली केला. शहाआलमची मोगल फौज कोकणात उतरली म्हणून महाराजांना वेढा सोडून वळावे लागले, हे सर्वश्रुत आहे. परंतु ती एक रात्र पोर्तुगीज दरबारास एक गोष्ट शिकवून गेली : नदीने वेढलेले शहर भरतीच्या वेळी सुरक्षित असते, ओहोटीच्या वेळी नसते. लगेच पुढील वर्षांत राजधानी मुरगावास हलविण्याचा बेत सुरू झाला. इमारतींस हात घातला गेला, पैसा ओतला गेला, आणि अखेर १७१२ मध्ये ते काम थांबविण्याचा लिस्बनहून हुकूम आला.

मुरगावचा खटाटोप चालू असतानाच विजरई व्हिला व्हेर्दचा कोंद याने १६९५ मध्ये मुकाट्याने सोपा मार्ग पत्करला. तो पणेलीस राहावयास गेला. त्याने निवडलेली जागा दारूखान्याची होती, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. तोफांची दारू जेथे बनत असे त्या आवारात पूर्वेचा राजप्रतिनिधी राहू लागला. रोगाचे भय दारूच्या भयाहून मोठे ठरले, एवढाच त्याचा अर्थ. आर्चबिशपचा वाडाही पणेलीस होता. राजसत्ता आणि धर्मसत्ता दोन्ही काठावर आल्यावर उमरावांनी मागे का राहावे? शहर कागदोपत्री राजधानी राहिले. दरबार, मेजवान्या, अर्जदार आणि वकील यांची गर्दी मात्र या अरुंद काठावर झाली.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकांस येथे एक तपशील उपयोगी पडेल. १७३९ च्या आरंभी व्यंकटराव घोरपडे यांच्या फौजा साष्टीत शिरून मडगावपर्यंत आल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी आपांनी वसई घेतली. आपल्या लेखनात या प्रसंगी 'गोवेकर फिरंगी' असा उल्लेख येतो आणि आपल्या डोळ्यांपुढे जुन्या गोव्याचे तट उभे राहतात. वास्तविक त्या वेळचा विजरई, सांदोमिलचा कोंद, ज्या काळात अधिकारावर होता तो काळ पणेलीच्या वास्तव्याचा आहे. उत्तरेचा प्रांत हातचा गेल्याची वार्ता ज्या दरबारास ऐकावी लागली, तो दरबार तटबंदीच्या शहरात नव्हता, तर उघड्या नदीकाठी, बागांच्या गावात होता. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगेज-मराठे संबंधांची कागदपत्रे आयुष्यभर खपून उजेडात आणली. ती वाचताना पत्र कोठून लिहिले गेले असेल याचा विचार केला, तर त्या पत्रांतील आर्जव आणि ताठा या दोहोंचाही अर्थ थोडा बदलतो असे आम्हांस वाटते.

परंतु ज्या रोगराईपासून पळून माणसे येथे आली होती, ती त्यांच्या पाठोपाठ आली. पणेली शहराच्या फार जवळ होती. १७५९ मध्ये एगाचा कोंद पणजीस गेला आणि आदिलशाही वाड्यात राहू लागला. तो ज्या मार्गाने गेला, तो सव्वाशे वर्षांपूर्वी लिन्यारिसने बांधून ठेवलेलाच होता. आमच्या मते या गावाच्या कथेचे मर्म येथे आहे. दलदलीच्या टोकाला असलेले रायबंदर सेतूने पश्चिमेशी जोडले गेले, त्यामुळे त्याचे मोल वाढले. आणि त्याच सेतूवरून त्याचे भाग्य पुढे निघून गेले. सेतू नसता तर दरबार कदाचित येथेच रुजला असता, कारण पणजी अलग व अवघड राहिली असती. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे; तरी त्या रस्त्यावरून एकदा चालून गेलेल्या माणसास ते पटावे.

मार्केस द पोंबाल याने अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात जुने गोवे पुन्हा बांधण्याचा हट्ट धरला. तेथे आणलेले मजूर मरू लागले आणि तो हट्ट सुटला. त्यानंतर जकातघर, न्यायालय वगैरे कचेऱ्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एकामागून एक पणजीस गेल्या. दों मान्युएल द पुर्तुगाल ई काश्त्रू याने १८२७ ते १८३५ च्या दरम्यान तेथील दलदल भरून रस्ते आखले. पणेलीच्या रिकाम्या वाड्यात इस्पितळ आले होते, तेही १८४२ मध्ये पणजीस हलले. त्याच वर्षी तेथे वैद्यकशाळा निघाली. पुढील वर्षी, २२ मार्च १८४३ रोजी, पणजीस शहराचा दर्जा देऊन 'नोव्हा गोवा' असे नाव देण्यात आले. गंमत अशी की या नव्या शहराच्या हद्दीत पणजी, रायबंदर आणि जुने गोवे ही तिन्ही घातलेली होती. कागदावर रायबंदर प्रथमच राजधानीचा अधिकृत भाग झाले, ते राजधानीने त्यास सोडल्यावर.

सत्तेचा हा प्रवास येथे थांबला नाही. १९१८ मध्ये गव्हर्नरचे निवासस्थान पणजीतून काबच्या टोकावर गेले, जेथे आजचे राजभवन आहे. जुने गोवे, पणेली, पणजी, काब : नकाशावर बोट फिरविले तर प्रत्येक मुक्काम मांडवीच्या प्रवाहाबरोबर समुद्राकडे सरकलेला दिसतो. श्रीमंत वस्तीही त्याच दिशेने गेली; आज दोना पावलाच्या काठावर जे बंगले आहेत, ते पणेलीच्या बागवाड्यांचेच वंशज म्हटले पाहिजेत. रायबंदर मात्र मागे राहिले, आणि मागे राहिले म्हणूनच काहीसे वाचले. पाडून नवे बांधण्याइतका पैसा येथे फिरला नाही. जांभ्या दगडाच्या भिंती, पायऱ्या चढून जाण्याचे सोपे, काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसविलेल्या खिडक्या ही जुनी चिन्हे अजून काही घरांवर दिसतात. दया संस्थेचे, म्हणजे मिझेरिकोर्दियेचे, इस्पितळ येथे पुष्कळ वर्षे होते. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या गोवा व्यवस्थापन संस्थेने आपले पहिले वर्ग त्याच इमारतीत भरविले. ती संस्थाही पुढे साखळीच्या बाजूस नव्या आवारात गेली. या गावातून मोठे होऊन निघून जाण्याची रीत माणसांपुरतीच मर्यादित नाही.

कदंब पठारावरून हमरस्ता गेल्यापासून अवजड वाहतूक गावाबाहेरून जाते. त्यामुळे सेतूवरचा भार हलका झाला, हे बरेच झाले. परंतु जाणारा-येणारा आता हे गाव पाहातही नाही, तेव्हा घरांची डागडुजी करण्याची हौसही ओसरते. खिडकीतील शिंपला एकदा निखळला की त्याच्या जागी काच बसते. तो काम करणारा कारागीर सापडत नाही. गोव्यातील शिक्षकांनी मुलांना जुन्या गोव्याच्या सहलीस नेताना परतीच्या वाटेवर अर्धा तास येथे उतरविले, तर त्यांच्या पाठ्यपुस्तकातील चौसष्ट वर्षांची पोकळी काही अंशी भरून निघेल. पाहण्यासारखे फारसे नाही असे आधीच सांगून ठेवावे. दारूखाना गेला, विजरईचा वाडा गेला, आर्चबिशपचा गेला.

रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणास आणि सां पेद्रहून दिवाडीस फेरीबोट जाते. चोडणच्या पश्चिम टोकास खारफुटीत १९८८ पासून सलीम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे या बोटीवर आता दुर्बिणी घेतलेली माणसेही असतात. बोट पात्राच्या मध्यावर आली की एका दृष्टिक्षेपात सारे दिसते : डाव्या हातास झाडीतून वर आलेले जुन्या गोव्याचे मनोरे, उजव्या हातास दूरवर पणजी, आणि मध्ये टेकडीखाली ती घरांची रांग. ओहोटी असेल तर सेतूच्या कमानीही पाण्यावर थोड्या उघड्या पडतात.