अळीचे वय

मृतदेहापाशी बहुधा सर्वांत आधी पोहोचते ती माशी. ती अंडी घालते, अंड्यातून अळी निघते, अळी दोनदा कात टाकते, मग कोष आणि पुन्हा माशी. हा क्रम उबेत लवकर, थंडीत सावकाश चालतो. म्हणून तापमान ठाऊक असेल तर अळीच्या वयावरून मृत्यू निदान किती दिवसांपूर्वी झाला, ते सांगता येते.

माशीची साक्ष जुनी आहे. चीनमधील न्यायाधिकारी सुंग त्झ याने १२४७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात विळ्याने झालेल्या खुनाची हकिगत येते. गावातले सारे विळे मांडून ठेवले, तेव्हा माश्या एकाच विळ्यावर घोंगावू लागल्या. पण तिथे माशीने रक्त दाखवले, काळ नाही. अळ्या मांसातून आपोआप उपजत नाहीत, हे इटलीच्या रेदीने १६६८ मध्ये मांसाच्या बरण्या जाळीदार कापडाने झाकून सिद्ध केले. त्यानंतरच काळमापनाची वाट खुली झाली. १८९४ मध्ये फ्रान्सच्या मेन्यँने प्रेतावर येणाऱ्या कीटकांच्या आठ फेऱ्या नोंदवल्या.

मला मात्र १९३५ चे प्रकरण अधिक बोलके वाटते, कारण त्याचा एक धागा मुंबईत आहे. इंग्लंडमधील लँकेस्टरला दवाखाना चालवणारा डॉ. बक रक्स्टन मूळचा मुंबईचा पारशी. २९ सप्टेंबरला स्कॉटलंडमध्ये मॉफटजवळच्या ओढ्यात दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे सापडले. ओळख पटू नये म्हणून चेहरे विद्रूप केले होते. शरीरशास्त्र जाणणाऱ्याचेच ते काम होते. ग्लासगोच्या डॉ. मर्न्स यांनी त्यांवरील अळ्यांचे वय बारा ते चौदा दिवस ठरवले. रक्स्टनची पत्नी म्हणून राहणारी इझाबेला आणि घरकाम करणारी वीस वर्षांची मेरी रॉजरसन १५ सप्टेंबरपासून दिसल्या नव्हत्या. हिशोब जुळला.

अळ्यांनी एकट्यांनी खुनी पकडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. देह गुंडाळलेल्या वर्तमानपत्राची केवळ त्याच भागात विकली गेलेली आवृत्ती आणि कवटीवर छायाचित्र ठेवून पटवलेली ओळख यांचे वजन मोठे होते. अळ्यांनी या पुराव्यांना काळाची चौकट दिली.

खटला चालला तो फक्त इझाबेलाच्या खुनाचा. १२ मे १९३६ रोजी रक्स्टनला फाशी झाली. मागाहून प्रसिद्ध झालेल्या कबुलीजबाबात त्याने म्हटले होते, की मेरी तिथे हजर होती म्हणून तिला मारावे लागले. पाहणारी साक्षीदार त्याने संपवली. ओढ्याकाठी अंडी घालणाऱ्या माश्यांचा विचार त्या डॉक्टरने केला नव्हता.