आयव्हीएफमध्ये असिस्टेड हॅचिंग: करावे की नको?

आयव्हीएफचे उपचार सुरू असताना, बहुतेक वेळा भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या आधी एक-दोन दिवस, तुम्हाला विचारले जाते: "लेझर हॅचिंग करायचे का?" त्यासाठी वेगळी संमती आणि अनेक ठिकाणी वेगळे शुल्कही असते. एवढा खर्च झाला, इंजेक्शने घेऊन झाली, आता कसर राहायला नको, असे म्हणून बरीच जोडपी लगेच सही करतात. सही करण्याआधी हा लेख दोघांनी मिळून वाचा.

थोडक्यात

• असिस्टेड हॅचिंगमुळे मूल होण्याची शक्यता वाढते, हे आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही.
• पहिल्याच आयव्हीएफला, चांगल्या प्रतीचे भ्रूण असताना, बहुतेकांना त्याची गरज नसते.
• काही रुग्णांबाबत डॉक्टर त्याचा विचार करतात. पण तुमच्या बाबतीत त्याचे नेमके कारण काय, हे तुम्हाला समजले पाहिजे.
• 'नको' म्हटल्याने तुमचे उपचार अपुरे राहत नाहीत.

असिस्टेड हॅचिंग म्हणजे काय?

स्त्रीबीजाभोवती एक पारदर्शक कवच असते. त्याला झोना पेल्युसिडा म्हणतात. त्याची जाडी साधारण १५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बरीच कमी असते. फलन झाल्यावर भ्रूण याच कवचात वाढतो. पाचव्या-सहाव्या दिवशी तो ब्लास्टोसिस्टच्या अवस्थेला पोहोचतो, कवच पातळ होते आणि पिल्लू अंड्यातून बाहेर यावे तसा भ्रूण त्यातून बाहेर पडतो. त्यानंतरच तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू शकतो.

काही भ्रूणांना हे कवच फोडणे जड जात असावे, या विचारातून १९९० च्या सुमारास हे तंत्र पुढे आले. प्रयोगशाळेत एम्ब्रियोलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली कवचाला लहानसे छिद्र पाडतात किंवा ते एका बाजूने पातळ करतात. पूर्वी त्यासाठी सौम्य आम्ल किंवा बारीक सुई वापरत, आता बहुतेक ठिकाणी लेझर वापरतात. हे काम काही मिनिटांत होते.

अनेक घरांत 'लेझर' शब्द ऐकून गैरसमज होतो. हा लेझर तुमच्या पोटावर किंवा गर्भाशयावर मारला जात नाही. त्यासाठी भूल लागत नाही आणि तुम्हाला काही जाणवतही नाही.

याचा उपयोग होतो का?

२०२१ मध्ये कोक्रेन या संस्थेने ३९ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्या चाचण्यांत ७,२४९ स्त्रियांचा समावेश होता. मूल जन्माला येण्याबाबतचा निष्कर्ष सोप्या शब्दांत असा: हॅचिंग न करता १०० पैकी २८ स्त्रियांना मूल होत असेल, तर हॅचिंग केल्यावर ती संख्या २७ ते ३४ च्या दरम्यान असेल. म्हणजे थोडा फायदा होऊ शकतो, काहीच फरक न पडण्याचीही शक्यता आहे. गर्भधारणेचे प्रमाण किंचित वाढत असावे असे दिसले, पण तो पुरावा कमकुवत आहे. शिवाय गर्भ राहणे आणि बाळ हातात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत असिस्टेड हॅचिंगची शिफारस केलेली नाही. अमेरिकेतील वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये ते सरसकट सर्वांना सुचवू नये, असे म्हटले.

आपल्याकडचेही एक उदाहरण आठवा. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून आयव्हीएफचे बाळ जन्मले, तेव्हा हे तंत्र वापरात आलेलेच नव्हते. कवच फोडण्याचे काम बहुतेक भ्रूण स्वतःच करतात.

डॉक्टर कधी सुचवतात?

• आधी चांगले भ्रूण सोडूनही दोन किंवा अधिक वेळा अपयश आले असेल
• स्त्रीचे वय जास्त असेल
• सूक्ष्मदर्शकाखाली कवच जाड दिसत असेल
• गोठवलेला भ्रूण वापरायचा असेल, कारण गोठवल्याने कवच कडक होते असे मानले जाते

या गटांतही फायद्याचा पुरावा अपुरा आहे. तरीही डॉक्टरांनी तुमचे भ्रूण आणि आधीचे प्रयत्न पाहून हॅचिंग सुचवले असेल, तर ते चुकीचे ठरत नाही. मात्र ते खात्रीचा उपाय म्हणून नव्हे, तर करून पाहण्याचा प्रयत्न म्हणून स्वीकारा.

भ्रूणाची जनुकीय तपासणी होणार असेल, तर पेशी काढण्यासाठी कवच उघडावेच लागते. तेथे हॅचिंग हा त्या तपासणीचाच भाग असतो. त्याचे वेगळे शुल्क लावले असेल, तर कारण विचारा.

धोके कोणते?

अनुभवी हातांत भ्रूणाला इजा होण्याचा धोका कमी असतो, पण तो शून्य नसतो. कोक्रेनच्या आढाव्यात हॅचिंगनंतर जुळ्यांचे प्रमाण वाढत असावे असेही दिसले. 'एकदम दोन झाली तर बरेच' असे घरात कोणी म्हणेल. पण जुळ्यांच्या गरोदरपणात अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाची बाळे आणि आईचा वाढलेला रक्तदाब यांचा धोका जास्त असतो. म्हणून हॅचिंग करणार असाल, तर किती भ्रूण सोडायचे हे त्याच वेळी ठरवा.

सही करण्याआधी काय विचाराल?

१. माझ्या बाबतीत हॅचिंग का सुचवत आहात?
२. तुमच्याकडे हे सर्वांना करतात की निवडक रुग्णांना?
३. किती भ्रूण सोडणार?
४. हे पॅकेजमध्ये धरले आहे की खर्च वेगळा आहे?
५. न केल्यास माझ्या उपचारांत काय बदलेल?

हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार फायदे, तोटे, खर्च, धोके आणि यशाची शक्यता समजावून सांगणे ही क्लिनिकची जबाबदारी आहे. उपचारांसाठी लेखी संमतीही आवश्यक आहे. क्लिनिकमध्ये तक्रार निवारण कक्षही असावा लागतो.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागात अनेक कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. शक्य असेल तर ट्रान्सफरच्या आधीच्या गुरुवारी दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटा. रात्रपाळी संपवून थेट ट्रान्सफरला पोहोचल्यावर, घाईत फॉर्म वाचून नीट निर्णय होत नाही.

पैसे कशासाठी राखावेत?

एका प्रयत्नात यश येईलच असे नसते. तुमचे आणखी भ्रूण गोठवलेले असतील, तर पुढच्या ट्रान्सफरचा खर्च हाताशी असणे बहुतेकदा हॅचिंगपेक्षा जास्त उपयोगाचे ठरते. कर्ज काढून किंवा दागिने गहाण ठेवून उपचार घेत असाल, तर प्रत्येक जादा गोष्टीचा हिशेब मांडण्यात काही वावगे नाही.

ज्या गोष्टींचा परिणाम माहीत आहे, त्यांकडे आधी लक्ष द्या. थायरॉइड आणि साखर आटोक्यात ठेवा. दोघांनीही तंबाखू, गुटखा, मिश्री, सिगारेट बंद करा. नवरा भट्टीजवळ, फोर्जिंग किंवा फाउंड्रीत काम करत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, कारण सततच्या उष्णतेने शुक्राणूंची प्रत खालावू शकते. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. त्यामुळे हे आधीच सांगितलेले बरे.

'आपण नको म्हटले म्हणून तर नाही ना?'

हॅचिंग न करता निकाल निगेटिव्ह आला, तर हा प्रश्न मनात येतोच. कधी तो घरातले कोणी विचारते. भ्रूण न रुजण्यामागे बहुतेकदा त्याच्या गुणसूत्रांतील दोष असतो, आणि कवचाला छिद्र पाडून तो दोष दूर होत नाही. उपलब्ध माहिती समजून घेऊन दोघांनी मिळून घेतलेला निर्णय, हो असो वा नको, हा कोणाचा दोष ठरत नाही.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमचे वय, अहवाल आणि भ्रूणांची प्रत पाहून अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.