मोठ्या शिकारीची सुरी : उत्तर अमेरिकेतील बायसनच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरून बायसन हा प्राणी जवळजवळ नाहीसा झाला. (भारतातील इंग्रज शिकाऱ्यांनी गव्यालाही 'बायसन' म्हटले, तो प्राणी निराळा.) या संहाराची कारणमीमांसा करताना लांब पल्ल्याची बंदूक, रेल्वे आणि कातड्याची बाजारपेठ यांचा सविस्तर विचार झालेला आहे. जनावर पडल्यानंतर हातात घेतल्या जाणाऱ्या सुरीकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः शिकाऱ्याला त्या जनावरापासून काय हवे आहे, हे बंदुकीपेक्षा सुरीच्या निवडीवरून अधिक स्पष्ट होते.

दगडाच्या छिलक्यापासून पोलादापर्यंत :

कॅनडातील अल्बर्टा प्रांतात 'हेड-स्मॅश्ड-इन' नावाचा कडा आहे. मूलनिवासी लोक हजारो वर्षे बायसनचे कळप या कड्यावरून खाली लोटून शिकार करीत. 1981 मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. येथे जनावरे फाडण्यासाठी दगडाची छिलकेदार हत्यारे वापरली जात. त्यांची धार अतिशय तीक्ष्ण, परंतु ठिसूळ असे. धार गेली की नवा छिलका काढावा लागे. मांसाच्या पातळ पट्ट्या कापून वाळविणे आणि कातडे कमावणे ही कामे प्रामुख्याने स्त्रियांकडे असत. वाळलेले मांस कुटून त्यात चरबी मिसळली की 'पेमिकन' तयार होई व ते दीर्घकाळ टिके. स्नायूंचे दोरे, हाडांची अवजारे व शिंगांची भांडी होत. फरच्या व्यापाराबरोबर लोखंडी सुरी आली तेव्हा हत्याराचे द्रव्य बदलले. जनावराकडे पाहण्याची दृष्टी तत्काळ बदलली नाही.

या व्यापारातील एक प्रसिद्ध सुरी म्हणजे 'ग्रीन रिव्हर'. जॉन रसेल याने 1834 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ग्रीनफिल्ड येथे कारखाना काढला आणि तेथील नदीचे नाव आपल्या मालाला दिले. चित्रपटांतून दिसणारा भलामोठा 'बोवी' सुरा हे त्या काळाचे प्रतीक मानले जाते, पण मैदानावरील रोजच्या कामाला मुख्यतः खाटकाची साधी सुरी असे. कार्बन पोलादाचे पाते लवकर गंजे; मात्र कमरेला अडकवलेल्या पोलादी कांबीवर चार वेळा घासले की धार परत येई. दिवसभर सोलण्याचे काम करणाऱ्याला हाच गुण महत्त्वाचा वाटणे स्वाभाविक होते.

कातड्याचा व्यापार आणि दोन सुऱ्या :

1871 च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून यंत्रांच्या पट्ट्यांसाठी टिकाऊ चामडे बनविणे शक्य झाले. 1872 मध्ये कॅन्ससमधील डॉज सिटीपर्यंत रेल्वे पोहोचली. यानंतर मैदानावर उतरलेल्या टोळ्यांत नेमबाज वेगळा व सोलणारे वेगळे असत. सोलणाऱ्याजवळ सामान्यतः दोन सुऱ्या असत. एक सरळ व टोकदार; तिने हनुवटीपासून शेपटीपर्यंत आणि पायांच्या आतील बाजूने कातड्याला चीर द्यायची. दुसरी रुंद, बाकदार पात्याची. तिच्या फुगीर धारेने कातडे न फाटता मांसापासून सुटे होई. मोठ्या नराचे वजन 900 किलोच्या आसपास भरत असल्याने त्याला उचलण्याचा प्रश्नच नव्हता. पुष्कळदा सैल झालेले कातडे घोडा जुंपून ओढून काढीत.

या साधनांत एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. मांस राखायचे असेल तर प्रथम पोट उघडून कोथळा बाहेर काढावा लागतो; अन्यथा शरीरातील उष्णता कोंडून मांस काही तासांतच नासू लागते. कातड्याच्या टोळीला हे काम बहुधा करायचेच नव्हते. क्वचित जीभ अथवा मागील मांड्या घेतल्या जात. उरलेले धूड तेथेच पडे. नासाडीचा निर्णय, अशा रीतीने, सुऱ्या निवडतानाच झालेला असे.

बायसनची पूर्वीची संख्या सुमारे 3 कोटी असावी, असा अंदाज मांडला जातो. विल्यम हॉर्नडे याने 1889 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेत, पाळीव धरूनही, ती 1,091 इतकीच भरली. 1883-84 च्या हिवाळ्यात मोन्टानातील ब्लॅकफीट जमातीतील शेकडो माणसे उपासमारीने दगावली.

विसाव्या शतकातील पालट :

पुढे शिकारीवर कायद्याची बंधने आली. अलास्कासारख्या राज्यात मोठ्या जनावराचे खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा गुन्हा ठरला. सुरीचा आकारही याच सुमारास वेगळ्या दिशेने वळला. रॉबर्ट लव्हलेस (1929-2010) या कारागिराने लोकप्रिय केलेल्या सुरीचे पाते आखूड असून पाठ टोकाकडे उतरती असते. टोक खाली आल्यामुळे, धार वर धरून पोटाची कातडी चिरताना ते आतड्यात सहसा घुसत नाही. आतडे अथवा मूत्राशय फुटले तर मांस दूषित होते, ही काळजी या आकाराच्या मुळाशी आहे. 1870 च्या दशकातील सोलणाऱ्याला ती करण्याचे कारण नव्हते.