भावनगरची माती, कोकणचे अंगण

पेणच्या गणेशमूर्तींची कीर्ती सर्वदूर आहे. मात्र त्यांना लागणारी शाडूची माती पेणची नव्हे. ती गुजरातेतील भावनगर भागातून येते. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातील कारखान्यांतून हिंडताना एक दृश्य नेहमी दिसते. मोठी माणसे मूर्ती घडविण्यात गढलेली असतात आणि त्यांची लहान मुले उरल्यासुरल्या मातीचे उंदीर, लाडू, साप वळीत बसलेली असतात. त्यांना कोणी धडा देत नाही आणि कोणी हटकतही नाही. याच बोटांनी पुढे मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करावयाची आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते.

लहान मुलाचे शिक्षण खेळातूनच व्हावे, हा विचारही महाराष्ट्रात बव्हंशी त्याच भावनगरहून आला. त्याचा इतिहास सांगण्यापूर्वी माझी एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी रोह्याच्या बाजूला धर्मसेवेनिमित्त माझे जाणे-येणे होते. धाटावच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या एका कुटुंबातील माता मला म्हणाली, “फादर, मुलाला अंगणवाडीतून काढलं. तिथं नुसतं खेळवतात, शिकवीत कायच नाय.” चार वर्षांच्या त्या बालकाला तिने इंग्रजी बालवर्गात घातले होते. तेथे पहिल्याच महिन्यात त्याला गृहपाठाची वही मिळाली होती. मी मान डोलावली आणि त्या मातेचे कौतुकही केले. पुढे बालशिक्षणाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा आपण कोणत्या तपश्चर्येची अवहेलना केली हे मला उमगले.

जर्मनीतील फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. त्यानंतर ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेंझो या श्रमिकवस्तीत ‘बालगृह’ उघडले. आज माँटेसरी हे नाव उच्चभ्रू शाळांच्या पाट्यांवर दिसते. परंतु या कॅथलिक विदुषीचे पहिले विद्यार्थी दिवसभर मोलमजुरीला जाणाऱ्या आईबापांची मुले होती, याचा आपणांस विसर पडला आहे.

भावनगरला वकिली सोडून शिक्षक झालेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. छडी आणि घोकंपट्टी यांना तेथे थारा नव्हता. ताराबाई मोडक या उच्चशिक्षित मराठी विदुषी त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाईंनी मुंबईस दादर येथे शिशुविहार चालविले. कार्य नावारूपास आले. पण ताराबाईंच्या मनाला एक प्रश्न टोचत होता. हे सारे शहरातील सुखवस्तू घरांपुरतेच राहावयाचे काय?

त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. त्याच वर्षी बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई बालविधवा होत्या आणि पुण्यात शिक्षिकेचे काम करीत होत्या. बोर्डीनंतर १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. डहाणू तालुक्यातील हा परिसर आज पालघर जिल्ह्यात मोडतो. वसईकरांना तो परका नाही.

तेथील वारली वस्तीत बालवाडी उघडली, तरी मुले येईनात. मोठे मूल गुरांमागे जाई किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसे. तेव्हा ताराबाईंनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यावरील एखाद्या घराच्या अंगणात भरली, ती अंगणवाडी. गुरे चरतात त्या माळावर भरली, ती कुरणशाळा. तान्ह्या भावंडांसाठी पाळणाघर, त्याशेजारी बालवाडी आणि पुढे प्राथमिक वर्ग अशी सांगड घालून विकासवाडी उभी राहिली. माँटेसरींची लाकडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी बिया, शिंपले, पाने, खडे आणि चिकणमाती आली.

वरवर पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटेल. पण लहान-मोठे शिंपले वेगळे करणारे मूल तुलना आणि वर्गीकरण शिकत असते. पाच चिंचोके पाच पानांवर एकेक ठेवताना त्याला संख्येचा अर्थ कळतो. माती मळताना बोटांत बळ येते. तेच बळ पुढे पेन्सिल धरते. बडबडगीते आणि गोष्टी यांतून शब्दसंपत्ती वाढते आणि मग वाचन जड जात नाही. बोटे आणि कान तयार होण्यापूर्वीच अक्षरे गिरवावयास लावली, तर मूल अक्षरांनाच भिऊ लागते.

या इतिहासाशी पेण आणि रोहे यांचेही धागे जुळतात. मुलाचे ज्ञान त्याच्या हातच्या कामापासून तोडू नये, असा आग्रह धरणारे आचार्य विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मले आणि त्यांचे बालपणही तेथेच गेले. बालपणी तळे-रोहे परिसरात वाढलेले चिंतामणराव देशमुख पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई १९५३ साली स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. त्या मंडळाच्या ग्रामीण प्रकल्पांतून देशभर अनेक खेड्यांत बालवाड्या निघाल्या. लहान मुलाचे शिक्षण ही सार्वजनिक जबाबदारी आहे, ही जाणीव अशी हळूहळू रुजली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. ताराबाईंनी रूढ केलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द तिच्या केंद्रांना लाभला आणि तो देशभर पोहोचला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी यांबरोबरच तीन ते सहा वर्षांच्या बालकांचे अनौपचारिक शिक्षण हेही तिचे अंग होते. परंतु आहार आणि वजन यांच्या नोंदी वहीत भरता येतात, खेळाची नोंद कोठे करावयाची? तुटपुंज्या मानधनावर राबणारी सेविका नोंदवह्यांच्या ओझ्याखाली दबली. लोकांच्या मनात अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळण्याची जागा, एवढेच उरले. ज्यांना थोडे परवडते, त्यांनी आपली मुले तेथून काढली. माझ्या परिचयाची ती माताही त्यांतलीच.

सर्वांत मोठा तोटा कोणाचा झाला? पेण-रोहे भागातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडण्यास जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीत परततात. आईबाप विटा पाडतात आणि मूल भट्टीच्या धुळीत बसून राहते. वाडीतील अंगणवाडीच्या पटावर त्याचे नाव असते. अंगण मात्र मागे राहिलेले असते. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे, हा कोसबाडचा धडा खरे तर याच मुलांसाठी होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पाया मानला आणि त्या वयात खेळ, गोष्टी व कृती यांतून शिकवावे असे म्हटले. गिजुभाईंच्या बालमंदिरानंतर बरोबर शंभर वर्षांनी हे घडले. ताराबाई १९७३ साली आणि अनुताई १९९२ साली निवर्तल्या. हा दिवस त्या दोघींना पाहता आला नाही.

धोरण कागदावर राहू नये असे वाटत असेल, तर आपणां पालकांनाही काही करावे लागेल. आपल्या वाडीतील अंगणवाडीत एकदा जाऊन या. सेविकेची विचारपूस करा. जाताना मूठभर चिंचोके आणि समुद्रावरचे शिंपले घेऊन जा. जवळपास वीटभट्टी असेल, तर तेथील मुले कोठे बसतात हेही पाहून या. आणि संध्याकाळी घरी आलेल्या बाळाला ‘आज किती अक्षरे काढलीस?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय खेळलास?’ असे विचारा.

त्या मातेची गाठ पुन्हा पडली, तर मलाही तिला हेच सांगावयाचे आहे. प्रथम अर्थातच तिची क्षमा मागून.