अफूची वाट आणि दुखण्याचा उतारा

इंदूरहून निघालेला रस्ता बडवाह, सनावद, खंडवा, असीरगड, बऱ्हाणपूर असा उतरत इच्छापूरला येतो आणि तेथे मध्य प्रदेशाची हद्द संपते. सरकारी दप्तरात या रस्त्याचे नावच इंदूर-इच्छापूर मार्ग. टेकडीवरच्या इच्छादेवीला हात जोडून पुढे गेले, की मुक्ताईनगर आणि जळगाव जिल्हा. केळी, कापूस, लग्नाची वऱ्हाडे आणि आजारी माणसे या हद्दीवरून रोज जा-ये करतात. त्यांना दोन्ही बाजूंना नातेवाईक असतात आणि दोन्ही भाषा येतात.

या रस्त्याच्या वरच्या टोकाला माळवा आहे. मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत हिवाळ्याच्या अखेरीस अफूची पांढरी फुले गळतात, बोंडांना चिरा देतात आणि पाझरलेला चीक सरकारी परवान्याखाली गोळा करतात. या चिकातूनच मॉर्फिन निघते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर आजही मॉर्फिन हेच मुख्य औषध आहे. मग एक प्रश्न मनात येतो. ज्या राज्यात ही बोंडे पिकतात, त्याच राज्यातला आणि शेजारच्या खानदेशातला कर्करोगी अनेक वर्षे वेदनेने का तळमळत राहिला? औषध तर होते! याचे उत्तर वैद्यकात कमी आणि इतिहासात अधिक सापडते.

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू ही मुंबईच्या व्यापाराचा कणा होती. संस्थानी मुलखात पिकणारा हा माल कंपनी सरकारला आपल्या मुठीत ठेवता आला नाही. शेवटी १८३० नंतर पेटीमागे कर घेऊन तो मुंबईस जाऊ देण्याचा मार्ग सरकारने पत्करला. तेथून तो जहाजाने चीनला जाई. १८७० साली मुंबई ते जबलपूर लोहमार्ग सलग झाला. पुढे होळकरांच्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून खंडवा-इंदूर रेल्वे उभी राहिली, तेव्हा माळव्याचा माल खंडव्यास उतरून बऱ्हाणपूर-भुसावळमार्गे मुंबईकडे जाऊ लागला. आमच्या स्टेशनावरून चीनचे व्यसन जात होते, असे म्हटले तर ते कडू असले तरी खोटे ठरणार नाही.

या व्यापारात ज्यांनी अमाप पैसा मिळवला, त्यांत सर जमशेटजी जीजीभाई अग्रणी होते. त्यांच्याच देणगीतून १८४५ साली भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय उघडले. म्हणजे अफूच्या पैशातून रुग्णालय झाले. पण अफूचा जो गुण रुग्णाच्या कामाचा, तो रुग्णापर्यंत पोहोचायला फार काळ जावा लागला.

घरगुती अफू मात्र सर्वत्र होती. रडक्या मुलाला बाळागोळी, म्हाताऱ्याला खोकल्यासाठी आणि सांधेदुखीसाठी वाटाणाभर गोळी, जुलाबावर चिमूटभर. १८९३ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या अफू आयोगापुढे शेकडो साक्षी झाल्या आणि हिंदुस्थानात अफू हे घरचे औषध आहे, असा निर्वाळा १८९५च्या अहवालाने दिला. त्यामागे सरकारी महसुलाचा स्वार्थ होता हे खरे. तरीही आपल्या आजी-पणजीला अफू म्हणजे केवळ व्यसन वाटत नव्हते, एवढे त्यातून दिसते. तिला गुणही ठाऊक होता आणि धोकाही.

आता कर्करोगाकडे वळू. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. खानदेश-निमाडचा माणूस तेव्हापासून ‘टाटा’ या एका शब्दात आशा आणि धास्ती दोन्ही बोलू लागला. शस्त्रक्रिया, विकिरण आणि पुढे औषधोपचार यांत तेथे मोठी कामगिरी झाली. परंतु उशिरा आलेल्या रुग्णाला साऱ्या देशातच एक वाक्य ऐकावे लागे, “आता काही करता येण्यासारखे नाही, घरी न्या.” घरी नेल्यावर काय करायचे, हे कोणी सांगत नसे. शेजारीपाजारी म्हणत, भोग आहेत, भोगूनच संपायचे.

त्याच काळात लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या बाई वेगळा विचार करीत होत्या. त्या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. मरणासन्न रुग्णांच्या एका आश्रमात त्यांनी शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. वेदना असह्य होऊन रुग्णाने याचना केल्यावर मॉर्फिन देण्याऐवजी ते ठरल्या वेळी, वेदना परतण्याआधी तोंडाने दिले, तर रुग्ण शुद्धीत राहतो, बोलतो आणि व्यसनी होत नाही, असे त्यांना आढळले. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, संसाराच्या काळजीची आणि देवाला विचारलेल्या प्रश्नांचीही असते, हेही त्यांनीच आग्रहाने मांडले. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हे रुग्णगृह उघडले. तेथे रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी मॉर्फिनच्या गुणावगुणांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या साऱ्या अनुभवातून तीन पायऱ्यांची शिडी तयार केली. सौम्य वेदनेला साधी गोळी, मध्यम वेदनेला कोडीनसारखे औषध आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने द्यावे आणि घड्याळाप्रमाणे द्यावे, हा तिचा नियम.

आमचे दुर्दैव असे, की जगाने शिडी उभारली त्याच्या आदल्याच वर्षी, १९८५ साली, आपल्याकडे अमली पदार्थांचा कडक कायदा आला. हेतू चांगला होता. पण चोरटा व्यापारी आणि औषध ठेवणारा डॉक्टर एकाच धाकाखाली आले. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. एका रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचे तर अबकारी आणि औषध खात्याचे चार-पाच परवाने लागत आणि ते सारे एकाच वेळी चालू असावे लागत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात औषध न्यायचे तर पाठवणाऱ्याचा परवाना निराळा, घेणाऱ्याचा निराळा. इच्छापूरच्या हद्दीवरून केळीचा ट्रक तासाभरात जाई, पण वेदनेवरच्या गोळ्यांच्या डब्याला महिने लागू शकत. औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणे सोडले आणि डॉक्टरांच्या नव्या पिढीला ते लिहायचे कसे हेच शिकवले गेले नाही. १९९७ साली साऱ्या भारतात वैद्यकीय मॉर्फिनचा वापर अवघ्या १८ किलोवर आला. कायद्याआधीच्या तुलनेत ही घट सुमारे ९७ टक्के होती. आणि याच काळात नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांतून भारताची अफू जगभरच्या औषध कंपन्यांना जात होती. परदेशातल्या रुग्णाची वेदना आमच्या शेतातल्या चिकाने शमत होती!

अशा काळातही काही माणसे उभी राहिली. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला ‘शांती अवेदना सदन’ सुरू केले. भारतातले हे अशा प्रकारचे पहिले रुग्णगृह. बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची तेथे विनामूल्य शुश्रूषा होते. १९९३ साली केरळात कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था काढली आणि पुढे गावोगावचे स्वयंसेवक या कामात आले. १९९४ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांची अखिल भारतीय संघटना झाली. १९९७ साली पुण्याजवळ वारज्याला सिप्लाचे परिहार सेवा केंद्र उघडले. या मंडळींनी रुग्णसेवेबरोबर कायद्याशीही चिवट झुंज दिली. अखेर २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली, देशभर एकच नियम आला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयाला अनेक परवान्यांची गरज उरली नाही. कागदावरचा अडथळा दूर झाला. मनातला पुष्कळसा अजून आहे.

वेदनेखेरीज इतर त्रासांवरही संशोधन झाले आहे, ते वाचकांनी जाणून घ्यावे. केमोथेरपीनंतरच्या ओकाऱ्यांनी कित्येक रुग्ण उपचार अर्धवट सोडत. ओलान्झापिन नावाच्या औषधाने या ओकाऱ्या थांबतात, पण नेहमीच्या १० मिलिग्रॅम मात्रेने दिवसभर गुंगी येते. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २.५ मिलिग्रॅमची चौथाई मात्रा ओकाऱ्यांवर तितकीच परिणामकारक ठरली आणि गुंगी कमी झाली. अमेरिकेत २०१० साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, सुरुवातीपासून परिहार सेवा मिळालेल्यांचा जीवही कमी कष्टला आणि ते सरासरी अडीच-तीन महिने अधिक जगले. टाटामध्ये डोके आणि मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा तसा ठळक फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. एका आजाराचे माप दुसऱ्याला जसेच्या तसे लागत नाही आणि म्हणूनच आपल्या रुग्णांवरचा अभ्यास आपल्याकडे व्हावा लागतो.

आता खास आपल्या द्वैभाषिक मुलखाची एक गोष्ट. वेदना यंत्राने मोजता येत नाही, ती रुग्णाच्या शब्दांतून कळते. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेच्या शब्दांचीच एक प्रश्नावली केली, ती याचसाठी. मराठीत ठणका, ठसठस, कळ, चमक, सल, आग, मुंग्या असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे. गाठीच्या दाबाने ठणका लागतो. मज्जातंतू दुखावला तर आग होते, चटके बसतात, मुंग्या येतात. पहिल्यावर मॉर्फिन चांगले चालते, दुसऱ्याला पुष्कळदा अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेन्टिनसारखे औषध जोडावे लागते. हिंदीभाषक डॉक्टरसमोर आपली आजी म्हणते, “कळ येते,” आणि त्यांना ऐकू येते ‘कल’. ती म्हणते, “मळमळतं,” आणि बऱ्हाणपूर पडले तलम कापडाचे गाव, तेव्हा कोणाला ‘मलमल’ आठवली तर नवल नाही! हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नव्हे. दोन्ही भाषा जाणणाऱ्या मुलाने-सुनेने “दर्द है” एवढ्यावर न थांबता तिचा शब्द उलगडून सांगावा. कुठे, केव्हा, कसे दुखते आणि झोप येते की नाही, हे सांगावे. औषधाच्या निवडीइतकेच ते महत्त्वाचे आहे.

आणखी दोन गोष्टी. मॉर्फिन लिहून दिले म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असे समजू नये. कित्येक रुग्ण ते घेत महिनोन्‌महिने घरात वावरतात. त्याने बद्धकोष्ठ हमखास होते, म्हणून सोबत रेचक मागून घ्यावे. मात्रा वाढवणे, कमी करणे किंवा एकदम बंद करणे मात्र आपल्या मनाने करू नये.

माळव्याच्या चिकाने दीडशे वर्षांत मुंबई पाहिली, चीन पाहिला, युरोप-अमेरिका पाहिली. इच्छापूरच्या माजघरात खाटेवर पडलेल्या माणसापर्यंत तो औषध होऊन यायला सर्वांत अधिक वेळ लागला. कायद्याने आता वाट मोकळी केली आहे. “भोग आहेत” असे म्हणून गप्प बसण्याऐवजी “यांचे दुखणे थांबवा” असे डॉक्टरांना सांगणे, एवढे काम घरच्यांकडे उरते.