३९ अंकांची मूळ संख्या

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. दोनचा १२७ वा घात काढून त्यातून एक वजा केला की ही संख्या येते. ती मूळ आहे हे फ्रान्समधल्या एदुआर ल्युका या गणिताच्या मास्तरानं १८७६ मध्ये, यंत्राशिवाय, दाखवून दिलं. मीही आयुष्यभर शाळेत गणितच शिकवलं, म्हणून या माणसाबद्दल मला फार जिव्हाळा आहे.

मर्सेन या पॅरिसच्या साधूनं १६४४ मध्येच अशा संख्यांची यादी दिली होती. तिच्यात १२७ हा घातांक होता. पण सिद्धता नव्हती. ३१ या घातांकाची संख्या मूळ असल्याचं गणिती ऑयलरनं १७७२ मध्ये दाखवलं, तेही भागाकार करूनच. विभाजक कोणत्या रूपाचे असू शकतात हे हेरून त्यानं भागाकार पुष्कळ कमी केले, एवढंच. १२७ साठी ती वाट बंदच होती. या संख्येचं वर्गमूळच २० अंकी आहे. तिथपर्यंत भागत जायला कुणाचं आयुष्य पुरणार?

ल्युकानं विभाजक शोधणंच सोडलं. ३ घ्या. वर्ग करून २ वजा करा, तपासायच्या संख्येनं भागून बाकी ठेवा, आणि पुन्हा तेच. घातांक ७ असेल तर संख्या १२७. ३, ७, ४७ पर्यंत भागावंच लागत नाही. ४७ चा वर्ग वजा २ म्हणजे २२०७, बाकी ४८. पुढे २३०२, बाकी १६. मग २५४, म्हणजे १२७ ची दुप्पट, बाकी शून्य; म्हणून १२७ मूळ. पाच पायऱ्यांत निकाल! वर्गात फळ्यावर हे शून्य आलं की मुलं स्वतःच वहीत पुन्हा करून बघायची. १२७ या घातांकाला अशा १२५ पायऱ्या लागतात, आणि बहुतेक वर्ग ७६-७७ अंकांचे. त्यासाठी ल्युकानं द्विमान पद्धतीत, बुद्धिबळासारख्या पटावर प्यादी मांडून हिशेब करण्याची रीत सांगितली. एकच्या जागी प्यादं, शून्याच्या जागी रिकामं घर. इथे भागाकार लागत नाही: १२७ घरांपलीकडे गेलेली प्यादी पुन्हा पहिल्या घरापासून मांडायची, कारण या हिशेबात दोनचा १२७ वा घात म्हणजे १.

याच विचारानं त्यानं मर्सेनच्या यादीतली ६७ या घातांकाची संख्या मूळ नाही, हेही सांगितलं, तिचा एकही विभाजक हाती नसताना! मला तर हीच त्याची खरी थोरवी वाटते. विभाजक मिळाले १९०३ मध्ये. अमेरिकेतल्या फ्रँक कोल यांनी ते काढले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

ल्युकाची ३९ अंकी संख्या मात्र ७५ वर्षं सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. १९५१ मध्ये तिच्याहून मोठ्या संख्या सापडल्या आणि १९५२ च्या जानेवारीत राफेल रॉबिन्सन यांच्या आज्ञावलीनं लॉस एंजेलिसच्या स्वॅक संगणकावर ५२१ हा घातांक गाठला. चाचणी ल्युकाचीच होती, गणिती लेमर यांनी सुधारलेली.