गारव्याचे थर

दिवाळीच्या फराळाला अनारसे, चकल्या, कडबोळी हवीतच. परंतु अलीकडे महाड-पोलादपूरकडच्या घरांतही पाहुण्यांसमोर एक काचेचे भांडे येऊ लागले आहे. तळाशी केकचे तुकडे, त्यावर फळे, मग पिवळेधमक कस्टर्ड, पुन्हा फळे आणि माथ्यावर साय. सूनबाई त्याला ट्रायफल म्हणतात, सासूबाई नुसते ‘पुडिंग’. इंग्रजीत ट्रायफल म्हणजे क्षुल्लक वस्तू. या क्षुल्लक वस्तूला आपल्या माजघरात यायला किती उंबरे ओलांडावे लागले, हे पाहू लागले म्हणजे मौज वाटते. आणि मध्येच एके ठिकाणी घास अडतो.

इंग्लंडातील टॉमस डॉसनच्या १५८५ सालच्या पाकपुस्तकात ट्रायफल आहे. पण ती नुसती साखर, सुंठ आणि गुलाबपाणी घातलेली दाट साय. आपल्या बासुंदीची दूरची मावसबहीणच म्हणा ना! थर चढले ते अठराव्या शतकात. त्यातले कस्टर्ड मात्र अंड्यांचे. सोवळ्याच्या घरात ते शिरायचे कसे? ही वाट नकळत मोकळी केली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्याने. त्याच्या पत्नीला अंडी बाधत, म्हणून १८३७ साली त्याने मक्याच्या पिठाची बिनअंड्याची पूड तयार केली. बायकोच्या पथ्यापायी केलेली ही खटपट पुढे आपल्या शाकाहारी घरांच्या कामी आली. जेलीचेही तसेच. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांचे. त्याच्या जागी समुद्रातल्या शेवाळापासून होणारे चायना ग्रास आले.

राहिला गारवा. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात दडपून जहाजाने परदेशी धाडीत असे. १८३३ साली कलकत्त्यास पहिले जहाज निघाले तेव्हा त्यात सुमारे १८० टन बर्फ होता. चार महिन्यांनी पोचला तो सुमारे १०० टन. पुढल्या वर्षी मुंबईची पाळी. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि खाणारांना पडसे झाल्याची बातमी ‘मुंबई समाचारा’त आली! सातासमुद्रापलीकडच्या तळ्याचे पाणी ते. ते कोणी कापले, कोणी उचलले, हे मेजावर बसलेल्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. तरी ते घशाखाली उतरले.

आणि आमच्या महाडात? चवदार तळे गावातच. १९२४ साली नगरपालिकेने ते सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. पण अस्पृश्य मानलेल्यांच्या ओंजळीत ते पाणी यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. गावातल्या सनातन्यांनी मागाहून पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. कोर्टकज्जा चालला तो मार्च १९३७ पर्यंत, मुंबई हायकोर्टात. बॉस्टनचे पाणी चालले, शेजाऱ्याच्या हाताने स्पर्शिलेले चालले नाही. एकाच भांड्यातून सर्वांना वाढायचा पदार्थ समोर आला की मला हे आठवते.

शीतकपाट घरोघर येण्यास पुढे बराच काळ लागला. गोदरेजने आपले देशी शीतकपाट काढले ते १९५८ साली.

आता करायचेच असेल तर फळांचे पाहा. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. पण तिथली स्ट्रॉबेरी दिवाळीला हाती लागायची नाही, ती पुढे थंडीत. तोवर केळी, चिकू, सीताफळाचा गर. अननस घालायचा तर शिजवून. कच्चा अननस जिलेटिनची जेली धरूच देत नाही. कस्टर्डची पूड थंड दुधात कालवूनच उकळत्या दुधात सोडावी, नाहीतर गुठळ्या होतात. ते पुरते निवल्यावाचून फळांवर ओतू नये. केळ्याच्या चकत्यांना लिंबाचा रस चोळला की त्या काळवंडत नाहीत. मग भांडे तीन-चार तास शीतकपाटात, आणि तेवढा वेळ मुलांना अंगणात किल्ला करायला धाडून द्यावे.